पहिल्या तराफ्याचा बुधवार

नर्मदेच्या काठी, मोलगीहून एका दिवसाच्या पायवाटेवर, एका लाकूड ठेकेदाराचा डेपो होता. तेथे मी सात हंगाम काढले. आमचे घर ब्राह्मणपुरीच्या बाजूचे, कापसाचे आणि केळीचे. भावाभावांत वाटण्या झाल्यावर माझ्या वाट्याच्या शेतापेक्षा माझा मॅट्रिकचा दाखला अधिक उपयोगाचा ठरला, आणि मी डोंगरात गेलो. स्वातंत्र्य मिळून तेव्हा सात-आठ वर्षे झाली होती आणि हा सारा मुलूख पश्चिम खानदेशात मोडत असे. डेपोवर येणाऱ्या सागाच्या ओंडक्यांवर खुणेचे आकडे घालणे, आणि पाणी उतरल्यावर त्यांचे तराफे खाली गुजरातच्या बाजूला रवाना झाले की तशी चिठ्ठी मालकाला धाडणे, एवढेच माझे काम. असे लिहिण्याचे काम करणाऱ्याला तिकडचे लोक मेता म्हणत. माझे नाव त्यांना माहीत असावे. परंतु सात वर्षांत ते कोणी उच्चारलेले मला आठवत नाही.

पावसाळ्यात डेपो बंद असे. भाद्रपद सरता सरता मी वर जाई आणि नदी केव्हा उतरते याची वाट पाहत बसे. रिकामपण फार होते. त्या रिकामपणातून मला बातम्या लिहिण्याची सवय लागली. खाली सपाटीवरच्या एका गावाहून एक साप्ताहिक निघत असे. त्यात ‘नदीकाठची खबर’ या मथळ्याखाली माझा मजकूर येई. पाणी कोणत्या खडकापर्यंत आले, होडी केव्हा सुरू झाली, मोलगीच्या बाजारात यंदा चारोळी किती उतरली, कोणत्या पाड्यावर इंदलची पूजा बसणार, मधाच्या पोळ्यासाठी कड्यावर चढलेल्या कोणाला अस्वल भेटले, असल्या त्या बातम्या. मजकूर बाजारकरूच्या हाती मोलगीला जाई, तेथून पुढे टपालाने. छापून येण्यास दहा-बारा दिवस लागत, आणि छापील अंक माझ्यापर्यंत परत येईतो त्यातले पाणी केव्हाच वाहून गेलेले असे. तरी तो अंक हाती पडला की मी तो चार-चारदा वाची. ही हौस निरुपद्रवी आहे असे मी त्या काळी समजत होतो.

डेपोपासून हाकेच्या अंतरावर नदी दोन काळ्या खडकांमध्ये आवळली जाई आणि अर्धा मैल खळाळत खाली उतरे. हा खळाळ पार झाला की पुढचे पाणी सरळ होते. म्हणून हंगामातला पहिला तराफा ओंडक्यांचा नसे. तो नुसत्या बांबूंचा, हलका, चार माणसांनी लांब बांबूंच्या रेट्याने चालवायचा. तो सुखरूप उतरला म्हणजे वाट मोकळी आहे असे ठरे आणि मागून जड तराफे निघत. पहिल्या तराफ्यावर पुढे उभा राहण्याचा मान तेथल्याच एका पाड्यावरच्या माणसाचा होता. त्याला सारे म्होरक्या म्हणत. वयाने तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा असावा. उंचीने बेताचा, बोलण्यात संथ, आणि थट्टेत मात्र कोणाला न सोडणारा. त्यांची घरची बोली भिली. माझ्याशी तो बाजारात शिकलेल्या अहिराणीत बोले. मी त्याला दादा म्हणे.

पहिला तराफा केव्हा निघायचा हे म्होरक्याही ठरवीत नसे. ते नदीला विचारावे लागे, आणि विचारण्याची रीत अशी होती. वाळलेला दुध्या भोपळा पोखरून, त्यात अर्धी वाळू भरून, तोंड मेणाने बंद करायचे. असे तीन तुंबे. लागोपाठ तीन सकाळी एकेक तुंबा खळाळाच्या वरच्या तोंडाशी सोडायचा. खाली डाव्या काठावर एक माणूस बसलेला असे. तिन्ही तुंबे न फुटता डाव्या काठाने आले, तर चौथ्या दिवशी तराफा. एक जरी आला नाही, तर पाच दिवस थांबून पुन्हा पहिल्यापासून. पाड्याचा पुजारा प्रत्येक तुंब्यासमोर थोडे मोहाचे पाणी शिंपडी; पण म्होरक्याचे लक्ष त्या शिंपडण्याकडे नसे, ते तुंबा कोठे वळतो, कोठे क्षणभर थांबतो, कोठे बुडून पुन्हा वर येतो याकडे असे. ही पूजा होती की पाण्याची पाहणी, हे मी एकदा त्याला विचारले होते. तो म्हणाला, “तू कागद लिखस ते पूजा शे का काम शे?” मी हसलो. त्याने उत्तराची वाट पाहिली नाही.

मला या तुंब्यांची गंमत वाटे, विश्वास वाटत नसे. मी डेपोसमोरच्या खडकावर चुन्याचे आडवे पट्टे ओढून ठेवले होते. तीन हंगामांच्या नोंदींवरून माझे अनुमान असे झाले होते की चौथा पट्टा उघडा पडला की दोन-तीन दिवसांत तराफा निघतो. अनुमान चुकीचे नव्हते. पण तीन हंगाम म्हणजे किती थोडे, हे मला कळत नव्हते.

चौथ्या हंगामाच्या आरंभी संपादकांचे कार्ड आले. मजकूर वाचकांना आवडतो, असे त्यांनी लिहिले होते. मात्र तो कोरडा वाटतो, तेथल्या लोकांच्या तोंडचे चार शब्द घालत जावे. शिवाय पहिला तराफा निघण्याचा दिवस आधी कळवला, तर खालची काही मंडळी तो सोहळा पाहण्यास येऊ इच्छितात. ते कार्ड मी उशाखाली ठेवले. इतक्या वर्षांनी हे कबूल करताना लाज वाटते, पण ठेवले होते खरे.

दुसऱ्याच दिवशी मी म्होरक्याच्या झोपडीकडे गेलो. तो अंगणात बसून तराफा बांधण्याचे वेल सोलत होता. मी विचारले, “दादा, यंदा पहिला तराफा कवय निंघी?”

“तुंबा सांगी.”

“तरी अंदाज?”

“मन्हा अंदाज काय करस? तुंबाले विचार.” मग हातातला वेल वाकवून पाहत म्हणाला, “पानी आजून आंधळं शे. वर कोठे तरी पानी पडी ऱ्हायनं.”

एवढेच तो बोलला. मी डेपोवर परतलो, चुन्याचा पट्टा पाहिला, बोटांवर दिवस मोजले, आणि लिहिले: ‘अनुभवी म्होरक्या आमच्या बातमीदारास म्हणाला, “या महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी पाणी आमच्या ओळखीचे होईल, आणि त्या दिवशी मी पहिला तराफा सोडीन.”’ हे वाक्य लिहून झाल्यावर मी ते मोठ्याने वाचून पाहिले. ‘पाणी ओळखीचे होईल’ हे शब्द मला फार साधले असे वाटले. ते त्याने म्हटले नव्हते, हे मला लिहितानाही ठाऊक होते. परंतु तो बोलला असता तर असेच बोलला असता, अशी मी मनाची समजूत घातली. आणि एकदा तशी समजूत घातल्यावर त्या वाक्याकडे पुन्हा पाहण्याचे कारण उरले नाही.

अंक आला तो ठरल्या बुधवारच्या आधीच्या शनिवारी. संध्याकाळी म्होरक्या डेपोवर तंबाखू घेण्यास आला, तेव्हा मी त्याला हौसेने बसवून घेतले आणि ती बातमी अहिराणीत फोडून सांगितली. सुरुवातीला तो खुशीत होता.

“मन्हं नाव छापेल शे?”

“नाव नही. म्होरक्या म्हनीसन छापेल शे.”

“बरं. नाव ऱ्हातं तं बायको म्हनती, चाल आते माले लुगडं ली दे.”

मग मी ते वाक्य वाचले. त्याने ते मला पुन्हा वाचायला लावले. तिसऱ्यांदा त्याने एकेका शब्दाशी मला थांबवले.

“हाई मी कवय बोलनू?”

मी म्हणालो, “तुन्हा मनमातलंच लिखं, दादा.”

तो काही वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला. “कितला लोके वाचतस हाई?”

मी अभिमानाने आकडा सांगितला, वाढवूनच सांगितला. तो उठला आणि तंबाखू तिथेच विसरून गेला.

त्या लोकांत तोंडचा शब्द म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हते असे मी म्हणू शकत नाही. त्यांच्या पंचांत मी अनेकदा कडेला बसलेलो होतो. तिथे लिहिण्याची पद्धत नव्हती. एखाद्याने चारचौघांत शब्द दिला आणि तो पाळला नाही, तर त्याला शिक्षा होत नसे. मात्र पुढे तो पंचांत बोलू लागला की लोक आपापसात बोलत राहत, जणू कोणी बोलतच नाही. म्होरक्या स्वतः पंच होता. आता त्याचा शब्द त्याच्या नकळत चारचौघांत नव्हे, त्याने कधी पाहिली नाहीत इतक्या माणसांत जाऊन बसला होता. तो खोटा आहे असे सांगावे, तर ते सांगणार कोणाला, आणि कसे? कागद फक्त माझ्याजवळ होता.

रविवारी सकाळी त्याने पहिला तुंबा सोडला. त्याच्या हिशेबाने तो आणखी आठवडाभर थांबला असता. पाण्याचा रंग अजून उतरला नव्हता. पहिला तुंबा आला. सोमवारचा दुसरा आला, पण फार उशिरा, आणि डाव्या काठाऐवजी मधूनच. पुजाऱ्याने मान हलवली. मंगळवारचा तिसरा आलाच नाही. खाली बसलेला माणूस दुपारपर्यंत बसून होता.

त्याच मंगळवारी दिवस मावळायच्या आत मंडळी आली. मालक स्वतः आले, त्यांच्याबरोबर जंगल खात्याचे एक अधिकारी. शिवाय खालच्या गावातून दहा-बारा जण, मोलगीपर्यंत जीपने आणि पुढे पायी, पाय सुजलेले, पुऱ्यांचे डबे बरोबर. त्यांतल्या एका शाळामास्तरांच्या खिशात तो अंक होता.

म्होरक्याने मला लाकडाच्या ढिगाआड बोलावले. तो चिडलेला नव्हता.

“तुंबा उना नही, मेता.”

“मग थांब ना, दादा. पाच दिन थांब.”

“मी थांबसू. तू सांग त्यासले.”

“सांगस मी, पानी उतरेल नही म्हनीसन.”

“ते नही.” त्याने माझ्या दंडाला हात लावला. “तू सांग, हाई म्होरक्या बोलना नव्हता, हाई मी लिखं. इतलंच सांग. मंग मी महिनाभर थांबसू.”

मी हो म्हणालो. खरोखरच सांगण्याच्या इराद्याने मी मंडळींकडे गेलो. ते खडकावर पाय सोडून बसले होते. मी जवळ जाताच शाळामास्तर अधिकाऱ्यांना म्हणाले, “हेच ते आपले बातमीदार. काय वाक्य टिपलंय हो यांनी. पाणी ओळखीचं होईल. आपल्याकडचे शिकलेले लोक असं बोलत नाहीत, साहेब.” अधिकारी म्हणाले, “ऐकलं तसं लिहिणं हेच अवघड असतं.” मालकांनी माझ्याकडे पाहिले, सात वर्षांत त्यांनी माझ्याकडे तसे कौतुकाने त्या एकदाच पाहिले. मी म्हणालो, “पाणी जरा जास्त आहे. उद्या कदाचित निघणार नाही.” मालक म्हणाले, “म्होरक्याने दिवस दिलाय ना? मग तो बघेल की.” आणि मी गप्प राहिलो.

त्या क्षणाचे मी पुष्कळदा निरीक्षण केले आहे. भीतीमुळे गप्प राहिलो असे म्हणणे मला सोपे जाते, कारण भीती माणसाला क्षम्य वाटते. पण भीती नव्हती. मालकांनी मला काढून टाकले नसते. मला ते वाक्य माझ्याकडून जाऊ द्यायचे नव्हते. ते त्याने म्हटले म्हणूनच त्याची शोभा होती. मी रचले असे कळले असते तर ते एका कारकुनाचे वाक्य झाले असते.

शाळामास्तर मग आपण होऊन म्होरक्याकडे गेले. त्याचा हात हातात घेऊन त्यांनी ते वाक्य त्याला म्हणून दाखवले आणि विचारले, “तुम्हीच ना?” मी काही पावले मागे उभा होतो. म्होरक्याने आधी माझ्याकडे पाहिले. ते पाहणे लांबले. मग तो त्यांना म्हणाला, “हा. मीच बोलनू.”

बुधवारी सकाळी तराफा पाण्यात होता. बांबू रेटणारे आणखी तिघे आले होते, त्यांत त्याचा जावई. म्होरक्याने त्यांना आपल्या बोलीत काही सांगितले. दोघे मागे सरले. जावयाने बांबू सोडला नाही, तेव्हा म्होरक्याने त्याची बोटे एकेक करून उघडली. मी पुढे होऊन म्हणालो, “दादा, एकला कसा जाशी?”

“बोल मन्हा शे. त्यासना नही.”

हे तो मला टोचून म्हणाला नाही. तेच अधिक वाईट होते.

तराफा खळाळात शिरला तेव्हा काठावरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. पहिले वळण त्याने डावीकडे राखून घेतले. एकट्याने तेवढे केले हे पुढे त्याच्या लोकांनीही सांगितले. मग पाण्याने तराफ्याचे शेपूट मध्ये ओढले. पुढचे टोक खडकावर अडले, मागचे फिरले, आणि खडक व तराफा यांच्यामध्ये म्होरक्या सापडला. टाळ्या वाजतच होत्या. आमच्यापैकी कोणालाही काय घडले हे कळले नव्हते. त्याचा जावई आणि दुसरे दोघे काखेत रिकामे तुंबे बांधून पाण्यात उतरलेले दिसले तेव्हा टाळ्या थांबल्या. त्यांनी त्याला बराच खाली, उजव्या काठाला बाहेर काढले. डावा पाय गुडघ्याखाली चेचला होता. बांबूला झोळी बांधून त्याला मोलगीला नेले, आणि मंडळींच्याच जीपने पुढे; मजल दरमजल करीत तो चिंचपाड्याच्या मिशनच्या दवाखान्यात पोहोचला. तेथे त्याचा जीव वाचला. पाय वाचण्यासारखा उरला नव्हता.

त्या आठवड्याची खबर मी वेळेवर पाठवली. तीत मी लिहिले, की हंगामाचा पहिला तराफा ठरल्या दिवशी निघाला, परंतु म्होरक्याने जोडीदार न घेण्याचे फाजील धाडस केल्याने त्यास इजा झाली. या वाक्यात एकही घटना खोटी नव्हती. माझ्या हातून घडलेल्या दोन गोष्टींत कोणती अधिक वाईट, हे मला आजही ठरवता येत नाही. पहिल्या वेळी मी त्याच्या तोंडी शब्द घातला तो निदान हौसेने. दुसऱ्या वेळी मी शब्द निवडले ते फार विचार करून.

महिन्याभराने मी चिंचपाड्याला गेलो. तो झोपलेला होता. बाहेर पडवीत त्याची बायको तांदूळ निवडत होती. मी बरोबर नेलेली केळी तिच्याजवळ ठेवली. तिने केळ्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“मेता, तुन्हा कागद आते काय म्हनस?”

मी म्हणालो, “बरं वाटस का दादाले?”

“मी कागदनं विचारी ऱ्हायनू.”

तो जागा होईपर्यंत थांबावे असे मला वाटले नाही. संध्याकाळची मोटार गाठायची आहे असे सांगून मी निघालो. मोटार दुसऱ्या दिवशी सकाळी होती. ती रात्र मी रस्त्याकडेच्या धर्मशाळेत काढली.

मालकांनी पुढच्या हंगामाला दुसरा म्होरक्या नेमला. एका पायाने तराफ्यावर उभे राहता येत नाही, हे तर उघडच होते. पण काठावरून तुंबा पाहून दिवस सांगण्याचे काम त्याला करता आले असते, आणि पाड्याने तशी मागणीही केली. मालकांनी माझीच बातमी त्यांना वाचून दाखवली. फाजील धाडस करणारा माणूस दिवस काय सांगणार, असे ते म्हणाले. मी वही लिहीत बसलो होतो. पंचांतही त्याची जागा हळूहळू मागे गेली. त्यांच्या लेखी त्याने तुंबा न मानता शब्द दिला होता. शब्द पाळला हे खरे, पण असा शब्द द्यावाच का? या आरोपाला त्याच्याजवळ एकच उत्तर होते आणि ते माझ्याजवळ होते.

आणखी तीन हंगामांनी मी डेपो सोडला. डोंगरात रस्ते झाले, लाकूड ट्रकांवरून जाऊ लागले, तराफे थांबले. पश्चिम खानदेश हे नाव जाऊन धुळे जिल्हा आला. मी खाली एका जिनिंग कारखान्यात लिहिण्याच्या कामाला लागलो. बातम्या पुन्हा लिहिल्या नाहीत. त्याचे श्रेय पश्चात्तापाला द्यावे असे वाटते, पण कंटाळाही होता. रोज संध्याकाळी घरी येऊन पाय धुताना वर जाऊन खरे सांगावे असा विचार येई आणि मी तो पाण्याबरोबर सोडून देई. अशी आठ-नऊ वर्षे गेली. माणूस किती दिवस एखादी गोष्ट उद्यावर टाकू शकतो याला मर्यादा नाही, हे मला त्या वर्षांनी शिकवले.

शेवटी एका फाल्गुनात, होळीच्या आधी, मी वर गेलो. कोणी बोलावले नव्हते, आणि काही विशेष घडलेही नव्हते. एवढेच, की मला पन्नास पूर्ण झाली होती आणि चढण चढताना दम लागू लागला होता. आणखी थांबलो तर चढवणारच नाही, असे वाटले. पंच मोहाच्या झाडाखाली बसले होते. म्होरक्या कडेला, काठी आडवी ठेवून बसला होता. केस पार पांढरे झालेले. त्याने मला ओळखले.

“बठ, मेता. इतला दूर काबर उना?”

मी सर्वांसमोर सांगितले. दिवस त्याने दिला नव्हता, तो मी ठरवला. वाक्य त्याने म्हटले नव्हते, ते मी रचले. आणि त्याने मंगळवारी मला ते सांगण्याची विनंती केली असताही मी सांगितले नाही. माझी अहिराणी मध्येच अडखळत होती. त्याचा जावई भिलीत पुढे सांगत होता. सांगून झाले. एक वृद्ध पंच विडी विझवून म्हणाला, “आते सांगस. पाय सडी गया तवय सांगस.” दुसरा म्हणाला, “निदान सांगं तं खरं.” त्यावर पहिला म्हणाला, “मंग त्याले पाय दी दे तू.”

त्यांच्या रीतीप्रमाणे माझ्यावर काही दंड बसावा अशी माझी इच्छा होती. बोकड, मोह, जे काय असेल ते. दिले की सुटलो. मी तसे सुचवलेही. म्होरक्या प्रथमच हसला.

“बोकड खाईसन हाई लोके तुले चांगला म्हनतीन. मन्हं काय?”

“मग तू सांग, दादा. तू म्हनशी ते करसू.”

त्याने काठीने आमच्यामधल्या जमिनीकडे दाखवले. मग म्हणाला, “आठे पंचसमा तू सांगं. आठला बोल आठे फिटना. पन तो बोल आठे गया नव्हता. कागदवर गया. ज्यासनी वाचं त्या आठे नहीत. कागदवर गया, तं कागदवरच परत येवाले पायजे.” थोडे थांबून त्याने आणखी एक सांगितले. “आनि ते दुसरंबी लिख. जोडीदार मी लिधा नही ते काबर, तेबी लिख.”

मला वाटत होते की त्याला त्या दुसऱ्या बातमीचे शब्द माहीत नसावेत. ते त्याला पाठ होते. मालकांनी पाड्याला वाचून दाखवले तेव्हापासून.

मी कबूल केले. खाली येताच साप्ताहिकाला लिहिले. संपादक बदलले होते. इतक्या जुन्या बातमीची दुरुस्ती छापण्यात वाचकांना रस नाही, असे नव्या संपादकांनी सौम्य शब्दांत कळवले; आणि मी पुन्हा लिहीपर्यंत ते साप्ताहिकच बंद पडले. दुसऱ्या एकाला पाठवले, त्याने उत्तर दिले नाही. मग मी थांबलो. दरवर्षी होळीच्या बाजाराला वरचे कोणी ना कोणी खाली येते, आणि म्होरक्याचा निरोप असतो: “मेताना कागद निंघना का?” पहिल्या वर्षी मी कारण सांगितले. दुसऱ्या वर्षी मी सांगितले की निघेल. गेली दोन वर्षे होळीच्या बाजाराला मी जात नाही.

या आठवणी पुस्तकरूपाने काढण्यास एक प्रकाशक तयार झाले, तेव्हा त्यांना हवे होते ते डोंगरातल्या दिवसांचे वर्णन: नदी, तराफे, खळाळाचा आवाज. ते या पुस्तकात इतरत्र आहे, आणि ते लिहिताना मला थोडे सुखही झाले. हे प्रकरण मात्र मी पूर्वीच्या वाचकांसाठी लिहीत आहे. ते आता किती उरले असतील, कोठे असतील, हे मला माहीत नाही. ज्यांनी त्या काळी ‘नदीकाठची खबर’ वाचली असेल, त्यांना मी सांगतो, की बुधवारचा दिवस म्होरक्याने दिला नव्हता. पाणी ओळखीचे होईल हे शब्द माझे होते. त्या पाण्याची ओळख त्याला होती आणि म्हणूनच तो तसे बोलला नव्हता. तराफ्यावर तो एकटा गेला ते धाडस म्हणून नव्हे. दुसऱ्याने रचलेल्या शब्दासाठी आणखी तिघांनी जीव धोक्यात घालू नये, म्हणून त्याने त्यांना काठावर ठेवले.

येथे त्याच्या तोंडचे म्हणून जे काही मी दिले आहे ते आठवणीतून दिले आहे. जेथे शंका वाटली तेथे गाळले आहे. त्यामुळे तो प्रत्यक्षात होता त्यापेक्षा या पानांत कमी बोलका दिसतो.

पुस्तक हाती आले की मी वर जाईन. मोलगीपर्यंत जीप जाते. पुढे चालावे लागेल, आणि माझे गुडघे पाहता एका दिवसाच्या वाटेला आता दोन दिवस लागतील. पंच बसतात तेथे बसून हे प्रकरण मी त्याला वाचून दाखवीन, जेथे तो थांबवील तेथे थांबेन, आणि जेथे चुकले असे म्हणेल तेथे पेनाने खोडीन. ऐकून झाल्यावर तो काय म्हणेल, हे मात्र मी येथे लिहिणार नाही. ते त्याने अजून म्हटलेले नाही.